‘एचडी’ रिळातच होतं, गुरुजी

‘ज्या काळात एचडी कॅमेराच नव्हता, त्या काळातला पिक्चर एचडी होईलच कसा?’ असा सवाल आमच्या घोडेगावातल्या एका निवृत्त गुरुजींनी टाकला आणि बाकड्यांवर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. नगर-संभाजीनगर रस्त्यावरून शिंगणापूरला जाणारी माणसं जिथे वळतात, तिथल्या एका चहाच्या हॉटेलातली ही गोष्ट. बाजाराचा दिवस होता. बाहेर म्हशींचे सौदे चालले होते, आत भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर एक कृष्णधवल चित्रपट लागला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘एचडी’ ही अक्षरं चमकत होती. गुरुजी सवालावर थांबले नाहीत. हे सगळं कॉम्प्युटरने केलेलं रंगकाम आहे, कंपन्या जुनाच माल नव्या वेष्टनात खपवतात, मूळ फितीत एवढं चित्र नव्हतंच, असा निकालही त्यांनी देऊन टाकला. वर हुकमाचा पत्ता : ‘आम्ही तंबूत पाहिलेत ना हे पिक्चर! आम्हाला काय सांगता?’

गुरुजींनी अर्ध्या गावाला पाढे शिकवलेत. त्यांचा शब्द सकाळी हॉटेलात पडला की संध्याकाळपर्यंत ते गावाचं मत होतं. म्हणून हा प्रतिवाद लेखी करतो आहे. तोंडी केला असता तर त्यांनी मला पहिल्याच वाक्याला खाली बसवलं असतं.

एचडी हा पडद्यावरच्या ठिपक्यांचा हिशेब आहे, कॅमेऱ्याच्या जन्मसालाशी त्याचा संबंध नाही. आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 70 हजार ठिपक्यांचं चित्र दाखवलं की त्याला फुल एचडी म्हणायचं. घरच्या टीव्हीवरचं फोर-के म्हणजे 3840 गुणिले 2160, जवळजवळ 83 लाख ठिपके. हा हिशेब टीव्हीच्या आणि कॉम्प्युटरच्या जगातला. सेल्युलॉइडला तो कधी लागूच नव्हता, कारण फितीवर ठिपके नसतात. तिथे जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. भिंगातून आलेला उजेड ज्या कणांवर पडतो ते रसायनात धुतल्यावर काळे होतात, बाकीचे निघून जातात. या कणांना रांग नाही की चौकट नाही, आणि दर फ्रेमला त्यांची मांडणी निराळी. रंगीत फितीत असे थर तीन रंगांचे असतात आणि शेवटी चांदीच्या जागी रंगाचे पुंजके उरतात, एवढाच फरक.

35 मिलिमीटरच्या फितीवरची एक फ्रेम साधारण 22 मिलिमीटर रुंद आणि 16 मिलिमीटर उंच. एवढ्याशा जागेत चांगल्या भिंगाने आणि जाणत्या छायालेखकाने टिपलेला तपशील एचडीच्या 20 लाख ठिपक्यांत पुरता मावत नाही. म्हणून तर जगभरचे अभिलेखागारवाले मूळ निगेटिव्ह हाती लागली की ती फोर-केमध्ये स्कॅन करतात. चित्रपट 1936 चा आहे की 1976 चा, याने त्यात काही अडत नाही. दामले-फत्तेलालांनी ‘प्रभात’साठी ‘संत तुकाराम’ केला तेव्हा व्ही. अवधूत यांच्या कॅमेऱ्यातून जी निगेटिव्ह सरकली, तिच्यावर विष्णुपंत पागनिसांच्या अंगरख्याचा पोत होता. ‘माणूस’मध्ये गणपत हवालदार झालेले आपल्या नगरचे शाहू मोडक ज्या निगेटिव्हवर उमटले, तिच्यावर त्यांच्या गणवेशाच्या गुंड्या होत्या. हे चांदीने धरून ठेवलेलं होतं. 1939 साली टीव्हीवर ते दाखवायची सोय नव्हती, हा त्या चांदीचा दोष नाही.

मग तंबूत ते का दिसलं नाही? गुरुजींचा हुकमाचा पत्ता हाच आहे, आणि माझ्या मते त्यांचा घोळही इथेच आहे. तंबूत त्यांनी निगेटिव्ह पाहिलेलीच नाही. निगेटिव्ह कुठल्याच प्रेक्षकाने कधी पाहिलेली नसते. प्रेक्षकासमोर येते ती निगेटिव्हवरून छापलेली प्रिंट. नीट पद्धत अशी, की मूळ निगेटिव्हवरून एक इंटरपॉझिटिव्ह काढायची, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि त्या दुसरीवरून थिएटरांसाठी प्रिंटा. दर छपाईला थोडा तपशील गळतो, काळं थोडं राखाडी होतं, कडा थोड्या मऊ पडतात. तलाठ्याकडून आणलेल्या सातबाऱ्याची झेरॉक्स, तिची झेरॉक्स आणि पुन्हा तिची झेरॉक्स काढत गेलं की गट नंबर वाचता येईनासा होतो. पण म्हणून मूळ कागदावर गट नंबर नव्हताच असं कोणी म्हणत नाही. गुरुजी नेमकं तेच म्हणताहेत.

त्यात घोडेगावच्या वाट्याला आलेली प्रिंट कुठल्या रांगेत होती हेही पाहायला हवं. नवी कोरी प्रिंट मुंबई-पुण्याला लागायची. तिथला धंदा आटपला की नगरसारख्या जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याच्या, आणि अगदी शेवटी जत्रेतल्या तंबूत. पेटी आमच्याकडे पोचेपर्यंत ती फीत शेकडो वेळा प्रोजेक्टरच्या दातांवरून फिरलेली असायची. प्रत्येक ऑपरेटरने तुटलेल्या जागी चार-सहा फ्रेम कापून तुकडे चिकटवलेले असायचे, त्यामुळे हिरो दारातून निघायचा आणि एकदम घोड्यावर दिसायचा. उभ्या चरांचा सगळ्या पडद्यावर पाऊस पडायचा. आम्ही पोरं त्याला पाऊसच म्हणायचो. काही तंबूंत तर प्रिंट 35 मिलिमीटरची नसून 16 ची असायची, जिच्या फ्रेमचं क्षेत्रफळ मोठीच्या पाव हिश्शाहूनही कमी. पडद्याचं कापड वाऱ्याने हलतंय, जनरेटर दमला की उजेड पिवळा पडतोय, आणि रंगीत प्रिंट जुनी असेल तर सगळा पिक्चर गुलाबी. हे गुलाबी पडणंसुद्धा दिग्दर्शकाचं काम नव्हतं. त्या काळच्या ईस्टमन पद्धतीच्या रंगीत प्रिंटांमधला निळसर थर आधी विटतो आणि मागे लाली उरते. असे पिक्चर आम्ही जीव लावून पाहिले, यात वाद नाही. पण ती साक्ष प्रिंटच्या अवस्थेची आहे. चित्रपटात काय होतं याबद्दल ती काहीच सांगत नाही.

तंबू गेले आणि टीव्ही आला, तेव्हाही आमचं नशीब फारसं पालटलं नाही. दूरदर्शनच्या पडद्यावर चित्राच्या जेमतेम 576 ओळी. त्या काळी फितीवरून टेपवर चित्र उतरवायच्या यंत्रांत बहुधा एखादी वापरलेली प्रिंटच घातली जायची. पुढे वीस-पंचवीस रुपयांच्या व्हीसीडी बाजारात आल्या, तिथे 352 गुणिले 288. म्हणजे एक लाखाच्या आसपास ठिपके, एचडीच्या विसाव्या हिश्शाएवढे. ‘पिंजरा’ आणि ‘सांगत्ये ऐका’ माझ्या पिढीने घरी असेच पाहिले, चेहऱ्याच्या जागी चौकोन हलताना. दोन पिढ्यांच्या डोळ्यांना ‘जुना पिक्चर म्हणजे अंधुक’ ही सवय लागली ती या सगळ्यातून. आता स्वच्छ चित्र दिसलं की आपण दचकतो आणि लबाडी शोधायला लागतो.

कॉम्प्युटरच्या रंगकामाबद्दल गुरुजी जे म्हणाले त्यात थोडं खरं आहे. ते थोडं कुठलं हे कळायला काम कसं चालतं ते पाहावं लागेल. फीत आधी हाताने तपासतात. फाटलेली भोकं, सुटलेले जोड, जुन्या टेपचा चिकटा, सगळं बोटांनी नीट करायचं. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर अडीच तासांच्या चित्रपटात 2 लाख 16 हजार फ्रेम होतात. फितीच्या लांबीत मोजायचं तर साडेतेरा हजार फूट. यातली एकेक फ्रेम स्कॅनरसमोर थांबवून तिच्यातून लाल, हिरवा आणि निळा उजेड पाठवतात आणि तिची नोंद घेतात. फितीच्या पाठीवर चर असतील तर ती द्रवात भिजवून स्कॅन करतात. प्लॅस्टिकमध्ये प्रकाश जेवढा वळतो जवळजवळ तेवढाच त्या द्रवात वळतो, त्यामुळे चर भरून निघतो आणि दिसेनासा होतो. पूर्ण फ्रेमचं फोर-के स्कॅन साधारण 50 एमबीच्या घरात जातं. गुणाकार गुरुजींनी करावा, त्यांनीच शिकवलाय : एका चित्रपटाचा कच्चा माल 10-11 टीबी. खोटंच करायचं असतं तर एवढा उपद्व्याप कोणी केला नसता.

यानंतर कॉम्प्युटर येतो. या फ्रेमवर धुळीचा कण आहे, पण आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमवर त्याच जागी स्वच्छ चित्र आहे, तर तो तुकडा तिथून उचलून इथे बसवायचा. म्हणजे भरणा होतो तोही त्याच फितीतला. हलणारं चित्र स्थिर करतात, उजेडाची लुकलुक शमवतात, आणि विटलेले रंग कुठवर आणायचे हे शक्य असेल तर मूळ छायालेखकाला किंवा दिग्दर्शकाला शेजारी बसवून ठरवतात. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ हे आपल्या डोळ्यासमोरचं उदाहरण. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून 1976 साली झालेला, स्मिता पाटील यांचा हा चित्रपट गोविंद निहलानींनी चित्रित केलेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो फोर-केमध्ये उभा केला आणि मे 2024 मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. चित्रासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली मूळ निगेटिव्ह घेतली. आवाजाची निगेटिव्ह मात्र खराब झाली होती, तेव्हा आवाज एका जुन्या प्रिंटवरून उचलला. कॉम्प्युटरने मनाने चित्र रंगवायचं असतं तर निगेटिव्हसाठी पुणं कशाला गाठायचं?

आता गुरुजींचं खरं. बाजारात ‘एचडी’, ‘फोर-के’ अशी अक्षरं डकवून जे फिरतं, त्यातलं बरंचसं खरोखर खोटं आहे. जुन्या व्हीसीडीवरून नाहीतर टीव्हीच्या टेपवरून चित्र घ्यायचं, ते यंत्राला देऊन ताणायचं, आणि मधले ठिपके त्या यंत्राने अंदाजाने भरायचे. हल्ली एआयने हे काम फार चलाख झालंय. मुळात जिथे डोळ्याच्या जागी नुसती काळी रेघ होती तिथे पापण्या येतात. या पापण्या त्या नटीच्या नव्हेत, यंत्राने पाहिलेल्या इतर हजारो चेहऱ्यांच्या त्या सरासरीच्या. कातडी मेणाची होते, मागच्या गर्दीतल्या माणसांचे दात एकमेकांत मिसळतात. याला लबाडी म्हणा, मी गुरुजींच्या बाजूने सही करतो.

पण इथूनच त्यांचा सिद्धांत उलटतो. काळ मोजून एचडीचा निवाडा करायचा तर जितकं नवं तितकं स्पष्ट असायला हवं. प्रत्यक्षात 1936 चा ‘संत तुकाराम’ चांगल्या निगेटिव्हवरून खरा एचडी होऊ शकतो, आणि 1996 सालची व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली एखादी मालिका कधीच होऊ शकत नाही. कारण टेपवर टिपल्याच गेल्या होत्या 576 ओळी. तिच्या मागे कुठलीही निगेटिव्ह नाही. ताणायला वाव आहे, काढायला काही शिल्लक नाही. गुरुजी ज्या मालिकांना ‘आत्ता आत्ताच्या’ म्हणतात त्या कायमच्या अंधुक, आणि ज्यांना ते ‘बाबा आदमच्या काळातले’ म्हणतात त्यांत तपशील भरलेला. 1895 सालच्या ल्युमिएर बंधूंच्या पन्नास सेकंदांच्या फितीसुद्धा फोर-केमध्ये आणल्या गेल्या आहेत, मग दामले-फत्तेलालांनी काय पाप केलं?

खरं-खोटं ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. जुन्या चित्रपटात एक दृश्य विरत विरत दुसरं उमटतं, त्या जागी नजर ठेवा. त्या काळी हा जोड ऑप्टिकल यंत्रावर दोन चित्रं पुन्हा छापून करायचे, म्हणजे तेवढा तुकडा एक-दोन पिढ्या मागचा. प्रामाणिक स्कॅनमध्ये सगळा प्रसंग लख्ख असतो आणि विरणं सुरू होण्याच्या जरा आधी चित्र पटकन मऊ आणि भरड होतं, नवा प्रसंग स्थिरावला की पुन्हा लख्ख. ताणलेल्या नकली चित्रात हा फरक दिसत नाही, कारण तिथे सगळंच सारखं गुळगुळीत. दुसरी खूण म्हणजे दाणा. मागच्या आकाशात, भिंतीवर, सावलीत बारीक दाणे सळसळताना दिसले तर तक्रार करू नका. ‘एचडी म्हणता आणि हे मुंग्यांसारखं काय हलतंय?’ असं हॉटेलातच कोणीतरी म्हणालं होतं. तो दाणा म्हणजेच चित्र. तो पुसला की चित्रातला तपशीलही त्याच्याबरोबर पुसला जातो. काही वाहिन्यांना हे कळत नाही. निदान कळत असल्याचं त्या दाखवत नाहीत.

वाहिन्यांचा विषय निघालाच आहे तर गुरुजींनी ज्याच्यावर बोट ठेवायला हवं होतं आणि ठेवलं नाही, ते सांगतो. जुन्या बोलपटांची चौकट जवळपास चौरस : रुंदी उंचीच्या 1.37 पट. आजचा टीव्ही 1.78 पट. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या तर चित्र पूर्ण दिसतं. पण ‘पडदा भरला पाहिजे’ हा हट्ट. मग वरून-खालून चित्र छाटतात आणि उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. पागनिसांचं पागोटं तरी जातं नाहीतर चिपळ्या तरी. याहून वाईट म्हणजे चित्र आडवं ओढून भरतात आणि नऊवारीतल्या सगळ्या बायका बुटक्या-जाड्या करून टाकतात. त्या दिवशी हॉटेलातल्या टीव्हीवर वरून-खालून छाटलेलंच चित्र चाललं होतं. गुरुजींना एचडी हे अक्षर खोटं वाटलं, आणि नायिकेचं अर्धं कपाळ गायब आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं!

बाकड्यावरच्या एका पोराने वेगळाच सूर लावला होता, तोही इथेच निकालात काढतो. ‘जुना पिक्चर जुन्यासारखाच दिसावा, चरे-बिरे असले की फील येतो.’ चरे अवधूतांनी काढले नव्हते. ‘संत तुकाराम’ पहिल्या आठवड्यात पाहणाऱ्या मुंबईकरांसमोर पाऊस पडत नव्हता. त्यांनी काळ्याचे आणि पांढऱ्याचे सगळे पदर पाहिले, गाथा नदीत सोडतानाचं पाणी पाहिलं, तुकोबांना न्यायला आलेलं गरुडाचं विमान पाहिलं. आम्हाला तेच तिकीट काढून उरलंसुरलं मिळालं. तंबूत पैसे काही मूळ चित्रपटाच्या चौथ्या हिश्शाएवढे घेत नव्हते. नगरला गेलं तर आशा टॉकीज चौक अजून त्याच नावाने ओळखला जातो, तसं आमच्या तंबूंच्या नावाने काहीच राहिलेलं नाही. त्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट 2016 साली कानला दाखवला गेला, तेवढीच त्यांची नोंद. त्यांच्याबद्दल मला माया आहे. पण चांगली प्रिंट शहराला आणि फाटकी गावाला या व्यवस्थेला ‘फील’ म्हणून डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. एचडीमुळे घोडेगावच्या माणसाला नव्वद वर्षांनी का होईना, पहिल्या आठवड्याची प्रिंट पाहायला मिळते आहे. ती नाकारून पाऊस मागायचा?

लख्खपणाची किंमत असते हे मान्य. दाढीचा डिंक दिसतो, पडद्यावर रंगवलेला डोंगर रंगवलेला दिसतो, गरुडाच्या विमानाची कड कळते. ज्याचा फोकस मुळातच चुकला होता तो शॉट फोर-केमध्ये चुकलेलाच राहतो. आवाजाची तर गोष्टच वेगळी, फितीच्या कडेच्या त्या अरुंद पट्टीत त्या काळी जेवढं मावलं तेवढंच आज ऐकू येणार. मी जादूचा दावा करत नाही. जे नोंदलं गेलं ते परत मिळतं, न नोंदलेलं मिळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून ‘हा पिक्चर एवढा जुना, तो एचडी कसा?’ हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. विचारायचं ते असं : स्कॅन कशावरून केला? मूळ निगेटिव्ह होती का, इंटरपॉझिटिव्ह होती, की चरे पडलेली प्रिंट? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दुखरं असतं. आपल्या निर्मात्यांनी पुष्कळदा मधल्या पायऱ्या गाळून थेट मूळ निगेटिव्हवरूनच प्रिंटा छापल्या. खर्च वाचला, प्रिंट चांगली आली, पण पिक्चर जितका जास्त चालला तितकी निगेटिव्ह जास्त झिजली. पडलेल्या पिक्चरची निगेटिव्ह डब्यात कोरी आणि गाजलेल्याची चाळण, असा हा उलटा न्याय. ‘शोले’चंच पाहा. त्याची मूळ निगेटिव्ह कामाच्या लायकीची उरलेली नव्हती आणि 70 मिलिमीटरची एकही प्रिंट वाचली नव्हती. ब्रिटनमधल्या एका गोदामात इंटरपॉझिटिव्ह सापडली म्हणून जून 2025 मध्ये तो इटलीतल्या बोलोन्याच्या चौकात, मूळ शेवटासह, उभा राहिला. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. वीस वर्षांनी बोलोन्याच्या कारागिरांनी त्या कडक झालेल्या फिती ओलावा देऊन मऊ केल्या, नवी भोकं बसवली, आणि जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे जगभरातून दुसऱ्या प्रती गोळा केल्या. तिसऱ्या भागाची, ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह तर वापरण्याजोगी उरलीच नव्हती, तो सगळा दुसऱ्या प्रतींवरून करावा लागला.

आणि आपलं ‘प्रभात’? 1950 च्या सुमारापर्यंत फिती नायट्रेटच्या असत. अशी फीत पेट घेते तेव्हा स्वतःच ऑक्सिजन पुरवते, पाण्याने विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची मूळ रिळं काही तासांत गेली. बऱ्याच चित्रपटांच्या सुरक्षित फितीवरच्या नकला आधी काढून ठेवलेल्या होत्या म्हणून ते आज पाहता तरी येतात. पण मूळ नायट्रेट आणि नक्कल यांत एक पिढी गेली ती गेलीच. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण उरलेला नाही. ‘आलम आरा’चं एक रीळही नाही. पी. के. नायर हे संग्रहालयाचे संस्थापक सांगत, की ‘आलम आरा’चे दिग्दर्शक अर्देशीर इराणींच्या मुलानेच त्याची शेवटची रिळं चांदी काढून घेऊन निकालात काढली होती. ज्या चांदीने चित्र धरून ठेवलं, तिचाच भाव चित्रापेक्षा जास्त निघाला. त्यातून फाळक्यांचा 1919 चा ‘कालिया मर्दन’ बऱ्याच अंशी वाचला, त्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे, आणि 2024 च्या इफ्फी महोत्सवात तो साफसूफ होऊन साथीच्या संगीतासह दाखवला गेला. अशी उदाहरणं बोटांवर मोजायची.

गुरुजींच्या मताला एवढी जागा दिली त्याचं कारण इथे आहे. जुन्या फितीत काही नसतंच असं एकदा गावाने मानलं, की ती भंगारात द्यायला हात अडखळत नाही. 2010 नंतरच्या काही वर्षांत थिएटरं आणि तंबू डिजिटल झाले, प्रोजेक्टर किलोने गेले, त्यांच्याबरोबर पेट्याही गेल्या. आता ज्या चित्रपटाची निगेटिव्ह कुठेच नाही, त्याची एखादी पावसाळी प्रिंटच जगातली शेवटची प्रत असू शकते. तिच्यावरून फोर-के निघणार नाही, पण व्हीसीडीपेक्षा कितीतरी जास्त निघेल. ‘मंथन’चा आवाज असाच एका प्रिंटने वाचवला.

गुरुजींच्याच नात्यातल्या एका जुन्या तंबूवाल्याच्या पत्र्याच्या खोलीत, कांद्याच्या गोण्यांमागे, पत्र्याचे डबे रचलेले आहेत. हे मी पाहिलंय, गुरुजींनीही पाहिलंय. त्यातल्या दोन-तीन डब्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ॲसिटेटची फीत कुजायला लागली की हा वास सुटतो, आणि तो शेजारच्या चांगल्या फितीलाही बाधतो. तेवढे डबे बाजूला काढायला हवेत. ते हवेशीर, कोरड्या आणि थंड जागी हलवा, उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका. फीत बाहेर ओढून बघायचा मोह आवरा, आणि डबा 1950 च्या आधीचा वाटला तर विडी पेटवून त्याच्या जवळ जाऊ नका. डब्यावरची चिकटपट्टी आणि खडूने लिहिलेलं नाव पुसू नका, बऱ्याचदा ओळख पटवायला तेवढंच असतं. मग पुण्याला चित्रपट संग्रहालयाला एक पत्र. ते गुरुजींनीच लिहावं, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.